एका कोठारात अनेक भाषा

संगणकाला मराठी येते का, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर हे की, त्याला मराठी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. त्याला कळतात ते केवळ आकडे. प्रत्येक अक्षरचिन्हाला एक आकडा ठरवून द्यायचा आणि तो आकडा जपून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. मग ज्या संकेतस्थळाच्या डेटाबेसात चार भाषांचा मजकूर ठेवायचा, तिथं पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, हे आकडे ठरवायचे कुणी?

पूर्वी ज्याची त्याची रीत वेगळी होती. एका यंत्रावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्यावर उघडला की भलतीच चिन्हं दिसत. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि जगातल्या लिप्यांना एकाच यादीत जागा मिळू लागली. ते आकडे साठवण्याची आज रूढ असलेली पद्धत म्हणजे यूटीएफ-८; ती १९९२ सालची. बाइट म्हणजे साठवणुकीचं एक लहानसं घर समजा. इंग्रजी अक्षराला असं एक घर पुरतं, देवनागरी चिन्हाला तीन लागतात. 'महाराष्ट्र' हा शब्द घ्या. तुम्ही आम्ही त्यात चार अक्षरं मोजतो. संगणक काना, पाय मोडल्याची खूण हे सारं सुटं धरतो. त्याच्या हिशेबी ती दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट! रकाना बाइटांत मोजून इंग्रजीच्या मापानं आखला, तर मराठी नाव मध्येच तुटतं ते यामुळं.

इथं मोडीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, पण यादीच्या पुढल्या भागात. तिच्या चिन्हाला चार बाइट लागतात. मायएसक्यूएल या प्रसिद्ध डेटाबेसात 'यूटीएफ८' नावाची जी सोय होती, ती चिन्हामागे तीनच बाइट देई. देवनागरी तिच्यात सुखानं नांदे. मोडी आली की मजकूर तिथंच तुटे, नाही तर नोंदच नाकारली जाई. २०१० साली 'यूटीएफ८एमबी४' ही चार बाइटांची सोय आली, आणि २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून तीच आपोआप मिळते. जुन्या कोठारात कोणती आहे, हे मात्र आपणच पाहायला हवं.

आता मांडणीकडे वळू. समजा, गोव्यातल्या एका ग्रंथालयाला आपली सूची मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत द्यायची आहे. तुम्ही म्हणाल, एकाच तक्त्यात नावाचे तीन रकाने पाडू. पण उद्या कन्नड आली की पुन्हा नवा रकाना आणि साऱ्या कामाची उलथापालथ! त्यापेक्षा दोन तक्ते करावेत. पहिल्यात भाषेवर अवलंबून नसलेली माहिती: पुस्तकाचा क्रमांक, प्रकाशनाचं साल, पानं. दुसऱ्यात त्याच क्रमांकाखाली भाषेची खूण, नाव आणि परिचय. एका पुस्तकाला एका भाषेत एकच ओळ. नवी भाषा आली तर ओळी वाढतात, तक्ता तोच राहतो. कोंकणी परिचय लिहिलेलाच नसेल तर वाचकाला कोणता दाखवायचा, हेही आधी ठरवावं. शिवाय कोंकणी देवनागरीत लिहितात तशी रोमी लिपीतही लिहितात. तेव्हा खुणेत भाषेबरोबर लिपीही नोंदवावी.

वर्णक्रमाचंही तसंच. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह' नंतर. युनिकोडात तो 'ल' च्या शेजारी आहे. नुसत्या आकड्यांवर क्रम लावला तर 'काळ' हा शब्द 'काव्य' आणि 'कास' यांच्या आधी जाऊन बसेल. म्हणून क्रम लावताना मराठीचा नियम निवडून द्यावा लागतो.

सर्वांत मोठा धोका मात्र निराळाच आहे. मजकूर लिहिणाऱ्याच्या पडद्यावरून निघतो, मधल्या जोडणीतून जातो आणि तक्त्यात पोचतो. तिन्ही ठिकाणी एकच पद्धत हवी. एखादा टप्पा देवनागरी न जाणणारा निघाला, तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं लिहिली जातात. विचित्र चिन्हं दिसली तर मूळ मजकूर पुष्कळदा परत मिळवता येतो. साठवलेल्या प्रश्नचिन्हांतून काहीही मिळत नाही. तिथं कुणाचं नाव होतं, हे मग कोणतंही यंत्र सांगू शकत नाही. म्हणून कोठार खुलं करण्याआधी त्यात एक लांबसं मराठी नाव आणि एक मोडी अक्षर घालून पाहावं. दोन्ही जशीच्या तशी बाहेर आली, तरच लोकांची नावं त्याच्या स्वाधीन करावीत.