मागच्या बाजूची घरघर

गाडीच्या मागून येणारी घरघर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलते की गाडीच्या वेगाबरोबर, हे आधी ठरवावे लागते. उभ्या गाडीत रेस वाढवल्यावर तोच आवाज आला, तर सायलेन्सर आणि त्याचे रबरी हँगर तपासावेत. आवाज वेगाबरोबर चढत असेल, तर शोध चाकांकडे वळतो. मुक्ताईनगरवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचा मोकळा, सरळ टप्पा या परीक्षेला उत्तम. डांबरावरून काँक्रीटवर जाताच सूर बदलला, तर दोष बहुधा टायरचा. तळहात टायरवरून दोन्ही दिशांनी फिरवला की उंचसखल झिजलेली नक्षी लगेच कळते. मागचे टायर पुढे घालून पाहणे ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची चाचणी आहे. आवाजही टायरबरोबर पुढे गेला, तर उत्तर मिळाले. घरघर उजव्या वळणावर वाढली, तर संशय डाव्या चाकाच्या बेअरिंगवर, कारण वळणात भार बाहेरच्या चाकावर येतो. खराब बेअरिंग तापते आणि सैल होते. त्यावर लांबचा प्रवास करूच नये.

बोलेरो किंवा केळी वाहणारे पिकअप यांची ताकद मागच्या चाकांना मिळते, म्हणून त्यांत आणखी दोन जागा पाहाव्या लागतात. ॲक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरा सूर निघाला, तर डिफरन्शियल. आधी तेलाची पातळी बघावी. ठराविक वेगाला सीट थरथरते आणि गाडी सुटताना ‘खट्’ होते, तेव्हा प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलेला असतो.