चार्टर्ड सर्व्हेअरची चाचणी आणि घोकंपट्टीचा भ्रम

लंडनमध्ये १८६८ साली स्थापन झालेल्या आणि १८८१ साली राजसनद मिळालेल्या रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स, अर्थात आरआयसीएस, या संस्थेचे सदस्यत्व मिळवण्याचा रूढ मार्ग म्हणजे ‘एपीसी’ ही व्यावसायिक क्षमतेची चाचणी होय. प्रश्नोत्तरांचे संच पाठ केले की ही चाचणी पार पडते, असा समज उमेदवारांत घट्ट रुजला आहे; वर्षानुवर्षे बांधकामाचा खर्च आणि कंत्राटे समर्थपणे हाताळणारी माणसेही या समजापायी आपला अनुभव बाजूला ठेवून व्याख्या घोकत बसतात, ही खेदाची गोष्ट आहे.

वस्तुस्थिती संस्थेच्या नियमांतच स्पष्ट आहे. प्रत्येक क्षमतेचे तीन स्तर मानलेले आहेत: पहिला ज्ञान व आकलनाचा, दुसरा त्या ज्ञानाच्या प्रत्यक्ष वापराचा आणि तिसरा कारणांसह सल्ला देण्याचा. पाठांतराची मजल फार तर पहिल्या स्तरापर्यंत जाते. समजा, ग्राहकाला काम लवकर सुरू करायचे आहे, परंतु नकाशे अर्धवट आहेत. निविदांचे प्रकार सांगता येणे हा पहिला स्तर, आणि निविदेची कागदपत्रे स्वतः तयार करून आलेल्या दरांची तुलना करणे हा दुसरा. मात्र अशा स्थितीत दोन टप्प्यांची निविदा, म्हणजे आधी नफा व व्यवस्थापनखर्चाच्या दरांवर कंत्राटदार निवडून नकाशे पुढे सरकल्यावर एकूण रक्कम ठरवण्याची पद्धत, का सुचवली, दुसऱ्या टप्प्यात स्पर्धा उरत नसल्याने ग्राहकाची घासाघीस करण्याची ताकद घटते हा धोका त्याला कसा समजावून दिला आणि इतर पर्याय कोणत्या कारणाने नाकारले, हे सांगता आले तरच तिसरा स्तर सिद्ध होतो. ही उत्तरे कोणत्याही संचात सापडणार नाहीत, कारण ती त्या एका प्रकल्पाची आणि त्या एका उमेदवाराच्या निर्णयाची असतात. म्हणूनच ‘आम्ही अहवाल दिला’ असे म्हणणाऱ्याला परीक्षक लगेच विचारतात, की त्यात तुमचा वाटा कोणता?

या चाचणीतील मुलाखतीची प्रचलित रचनाही हेच दर्शवते. साठ मिनिटांपैकी पहिली दहा उमेदवाराने लिहिलेल्या प्रकल्प-अभ्यासाच्या सादरीकरणाला आणि पुढची दहा त्यावरील प्रश्नांना दिलेली असतात. उरलेल्या वेळात त्याने आपल्या अनुभवाविषयी जे लेखी मांडले आहे, मुख्यतः त्याची उलटतपासणी होते.

प्रकल्प कोट्यवधींचा असावा लागतो, हाही गैरसमजच आहे. लहानशा इमारतीच्या कामात खरा पेच आणि उमेदवाराने स्वतः केलेली उकल असेल, तर तो प्रकल्प पुरेसा ठरतो. आचारसंहिता आदल्या रात्री वाचली तरी चालते, असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की नीतिमत्तेची क्षमता प्रत्येकाला तिसऱ्या स्तरापर्यंत सिद्ध करावी लागते. हितसंबंधांचा संघर्ष किंवा कंत्राटदाराने देऊ केलेली भेटवस्तू यांवरचे उत्तर डळमळले, तर तांत्रिक ज्ञान कितीही असले तरी उमेदवार अनुत्तीर्ण होऊ शकतो. चार्टर्ड सर्व्हेअर म्हणजे केवळ जमिनीची मोजणी करणारा, हे तर मुळातच खरे नाही, कारण मूल्यांकन, बांधकामखर्च आणि मालमत्ता-व्यवस्थापन ही सारी क्षेत्रे याच व्यवसायात मोडतात. सदस्यत्व मिळाले की अभ्यास संपतो, असेही नाही. सदस्याला दरवर्षी किमान वीस तासांच्या व्यावसायिक अध्ययनाची नोंद करावी लागते.

भारतातील उमेदवारांनी आणखी एक बाब नीट तपासावी. नावापुढे सदस्यत्वाची एमआरआयसीएस ही अक्षरे आली म्हणजे कंपनी कायद्याखालील मूल्यांकन-अहवालावर सही करण्याचा अधिकार मिळाला, असे नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २४७ नुसार त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककच लागतो आणि ती नोंदणी, तिच्यासाठीच्या स्वतंत्र परीक्षेसह, भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे वेगळी करावी लागते.