वही तीच, यंत्र नवे!

मैत्रिणींनो, बारावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले, की घरात खल सुरू होतो. लेक म्हणते, "आई, मी कॉम्प्युटर शिकणार." बाबांना वाटते, कॉमर्सच्या मुलीला हे कसे जमणार? शिवाय पुण्याला ठेवायचे तर खर्च परवडायचा नाही.

पण ही विद्या म्हणजे आहे तरी काय? आपली वाण्याची वहीच की! काय आले, काय गेले, कुणाकडे किती बाकी, हे नोंदवायचे आणि त्यावरून पुढचे ठरवायचे. जळगावची डाळमिल असो, रावेरचा केळीचा व्यापारी असो की धुळ्याचे कापडदुकान, नोंद सर्वांना लागतेच. बेरीज यंत्र करते. पण कशाची करायची, हे माणसालाच कळावे लागते. म्हणून हिशेब जाणणारी मुलगी इथे मुळीच मागे पडत नाही.

आणि पुणेच कशाला? जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे; धुळे-नंदुरबारची कॉलेजेही त्याच्याच कक्षेत येतात. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव मिळाले. त्या माउलीला अक्षरओळख नव्हती. तिची गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली, म्हणून टिकली. नोंदीचे मोल आणखी काय सांगावे?

फी भरण्यापूर्वी मात्र एवढे विचाराच: कोर्सला विद्यापीठाची मान्यता आहे का? गणिताची अट आहे का? प्रत्यक्ष यंत्रावर किती तास बसायला मिळेल? चकचकीत पाटीला भुलू नका.

आणि हो, तिचे हात पिवळे करायची घाई तूर्त राहू द्या बरं का!