प्रवेश नियंत्रण यादी

प्रवेश नियंत्रण यादी म्हणजे संगणक नेटवर्कमधील कोणत्या माहितीला पुढे जाऊ द्यावे व कोणती अडवावी, हे ठरवणाऱ्या क्रमवार कलमांचा संच होय. राउटर, स्विच व फायरवॉल या उपकरणांमध्ये ही यादी आज्ञांच्या स्वरूपात लिहिली जाते. प्रत्येक कलमात ‘परमिट’ म्हणजे परवानगी किंवा ‘डिनाय’ म्हणजे नकार, यांपैकी एक निर्णय आणि तो कोणाला लागू आहे याची अट असते.

कार्यपद्धती

नेटवर्कमधून माहिती लहान लहान पुडक्यांच्या रूपात प्रवास करते. या पुडक्यांना पॅकेट म्हणतात. राउटर प्रत्येक पॅकेट यादीतील पहिल्या कलमापासून क्रमाने ताडून पाहतो. जे कलम प्रथम जुळते त्याचा निर्णय अंतिम ठरतो व पुढील कलमे वाचली जात नाहीत. एकही कलम जुळले नाही, तर पॅकेट नाकारले जाते. हा शेवटचा नकार यादीत लिहिलेला नसतो, तो गृहीत असतो. यादी नुसती लिहून परिणाम होत नाही. ती उपकरणाच्या विशिष्ट जोडणीवर, आत येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या दिशेने लागू करावी लागते.

प्रकार

सिस्को कंपनीच्या राउटरांमध्ये दोन मुख्य प्रकार आढळतात. साधी यादी केवळ पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता पाहते व तिला मुळात १ ते ९९ हे क्रमांक दिलेले आहेत. विस्तारित यादी पाठवणारा, स्वीकारणारा, प्रोटोकॉल व पोर्ट क्रमांक अशा अनेक बाबी तपासते. तिचे मूळ क्रमांक १०० ते १९९ आहेत. साधी यादी गंतव्याजवळ आणि विस्तारित यादी उगमाजवळ लावावी, असा संकेत आहे.

उदाहरण

भारत सरकारने मार्च २००५ मध्ये मंजूर केलेल्या राज्यव्यापी नेटवर्क योजनेत राज्य, जिल्हा व तालुका पातळीवरील मुख्यालये किमान दोन मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने जोडण्याची तरतूद होती. अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे हे अशाच एका तालुक्याचे मुख्यालय आहे. अशा ठिकाणच्या कार्यालयाचे पुढील उदाहरण कल्पित आहे.

समजा, सेतू केंद्रातील संगणकांचे पत्ते १०.२०.५.० ते १०.२०.५.२५५ या पट्ट्यात आहेत. त्यांपैकी फक्त १०.२०.५.७ या संगणकाला अभिलेखांच्या सर्व्हरपर्यंत पोहोचू द्यायचे आहे, तर कार्यालयातील इतर विभागांना मुभा आहे. त्यासाठी कलमांचा क्रम असा हवा:

१० परमिट १०.२०.५.७
२० डिनाय १०.२०.५.० ०.०.०.२५५
३० परमिट सर्व

दुसऱ्या कलमातील ०.०.०.२५५ हा वाइल्डकार्ड मास्क असून पत्त्याचा शेवटचा भाग कोणताही चालेल, असे तो सांगतो. पहिली दोन कलमे उलट क्रमाने लिहिल्यास तो एक संगणकही अडतो, कारण संपूर्ण पट्ट्याचा नकार आधी जुळतो. दाखल्यासाठी आलेल्या नागरिकाला अशा वेळी ‘सर्व्हर बंद आहे’ एवढेच दिसते. तिसरे कलम राहून गेले, तर गृहीत नकारामुळे इतर विभागांचाही संपर्क तुटतो.

व्यवस्थापनाचे संरक्षण

उपकरणांची दुरून देखरेख करण्यासाठी एसएनएमपी हा प्रोटोकॉल वापरतात. मे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रमाणकात ओळखीसाठी ‘कम्युनिटी’ नावाचा शब्द असून तो उघड्या स्वरूपात पाठवला जातो. ‘पब्लिक’ हा प्रचलित शब्द तसाच ठेवल्यास कोणीही उपकरणाची माहिती वाचू शकतो. म्हणून कम्युनिटीच्या आज्ञेलाच प्रवेश नियंत्रण यादी जोडतात, जेणेकरून ठरावीक व्यवस्थापन संगणकालाच उत्तर मिळेल. डिसेंबर २००२ मध्ये प्रमाणित झालेल्या तिसऱ्या आवृत्तीत कूटलेखन आहे. कोणत्या वापरकर्त्याने माहितीचा कोणता भाग पाहावा, हेही तीत ठरवता येते.

‘शो’ आज्ञेपुढे ‘इन्क्लूड’ किंवा ‘एक्स्क्लूड’ जोडून पडद्यावर हव्या त्या ओळीच पाहता येतात. हे गाळण केवळ प्रदर्शनापुरते असते. त्याने कोणाचाही प्रवेश अडत नाही.

मर्यादा व दक्षता

दूरवरून यादी बदलताना व्यवस्थापकाचा स्वतःचाच संपर्क तुटण्याचा धोका असतो. अमरावतीहून धामणगावच्या राउटरवर चुकीची यादी लागू झाली, तर ती काढण्यासाठी कोणाला तरी प्रत्यक्ष उपकरणापाशी जावे लागते. यावर उपाय म्हणून बदलापूर्वी राउटर ठरावीक मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होईल अशी आज्ञा देतात. बदल जतन केलेला नसल्यास जुनी मांडणी परत येते. संपर्क टिकल्याची खात्री पटल्यावर ती आज्ञा रद्द करून बदल जतन केला जातो.

प्रवेश नियंत्रण यादी पॅकेटवरील पत्ता पाहते, त्यामागील व्यक्ती नव्हे. खोटा पत्ता धारण करून आलेले पॅकेटही कलमाशी जुळू शकते. त्यामुळे पासवर्ड, कूटलेखन व नोंदवह्यांची नियमित तपासणी यांची गरज यादीमुळे संपत नाही.