ट्रकचा मेंदू खरोखरच बिघडला आहे का?

गारखेड्याच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या बीड बायपासच्या कडेला, केबिन पुढे कलवून उभा असलेला एखादा मालट्रक तुम्ही पाहिला असेल. पूर्वी अशा ट्रकपाशी मिस्त्री पाने, हातोडी आणि डिझेलची बादली घेऊन बसत. आता त्यांच्या हातात बहुधा मल्टिमीटर आणि स्कॅनर दिसतो. हा बदल घडवला तो इंजिनाजवळ बसवलेल्या, जाडजूड वहीएवढ्या एका ॲल्युमिनियमच्या डब्याने. इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक या डब्यात असतो. गॅरेजमध्ये त्याला ईसीएम म्हणतात.

समजा, जालन्याहून लोखंडी सळया भरून वाळूजकडे निघालेला, 2017 साली घेतलेला एक ट्रक इथे बंद पडला. सेल्फ मारला तर इंजिन फिरते, पण सुरू होत नाही. बघ्यांपैकी कोणीतरी ठासून सांगतो, ‘‘ईसीएम गेला. नवा टाका!’’ नवा डबा चांगलाच महाग असतो. तो येईपर्यंत ट्रक उभा राहतो, भाडे बुडते आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. एवढे करून नवा डबा बसवल्यावरही इंजिन सुरू झाले नाही तर? असे घडू शकते. म्हणून डबा बदलण्याआधी तोच दोषी आहे हे सिद्ध करावे लागते आणि त्यासाठी लागणारे बरेचसे विज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे.

आधी हा संगणक करतो काय ते पाहू. जुन्या डिझेल ट्रकमध्ये त्याची गरजच नव्हती. इंजिनाच्या दातेरी चक्रांवर फिरणारा पंप ठरावीक वेळी प्रत्येक नोजलकडे डिझेल ढकलत असे. वेळ आणि माप दोन्ही लोखंडात कोरलेली! पण धूर कमी करायचा तर डिझेल अधिक बारीक फवारले पाहिजे आणि भार, वेग, तापमान यांप्रमाणे फवाऱ्याची वेळ बदलली पाहिजे. 1995 साली जपानमध्ये हिनो कंपनीच्या ट्रकवर ‘कॉमन रेल’ ही पद्धत आली. हीत पंप फक्त दाब निर्माण करतो. डिझेल एका जाड नळीत मोठ्या दाबाखाली साठते. हा दाब कित्येक इंजिनांत वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 1600 पट असतो. नोजल केव्हा व किती वेळ उघडायचे हे विजेच्या स्पंदाने ठरते आणि तो स्पंद संगणक पाठवतो. आपल्याकडे 1 एप्रिल 2017 पासून देशभर ‘बीएस-4’ आणि 1 एप्रिल 2020 पासून ‘बीएस-6’ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, तसा हा डबा मालट्रकांत सर्रास आला.

त्याला किती घाई असते पाहा. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला 30 मिलिसेकंद लागतात. एक अंश फिरायला लागणारा वेळ सेकंदाच्या बारा हजाराव्या भागाइतका. दट्ट्या कोठे आहे हे कळावे म्हणून अनेक इंजिनांत 60 दात्यांच्या चक्रावरचे दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. चुंबकीय संवेदक दाते मोजतो आणि ती मोकळी जागा आली की संगणकाला फेऱ्याची सुरुवात कळते. हा संवेदक गप्प बसला तर संगणक नोजल उघडतच नाही. सेल्फ फिरतो, इंजिन सुरू होत नाही. म्हणजे आपल्या ट्रकचे लक्षण केवळ एका स्वस्त संवेदकामुळेही दिसू शकते.

यातली गोम अशी की डब्याला स्वतःचे डोळे नाहीत. तारांनी जे सांगितले तेवढेच त्याला कळते. तार खोटे बोलली तर तोही चुकतो आणि दोष त्याच्या माथी येतो. म्हणून जाणता मिस्त्री आधी तारांची साक्ष तपासतो.

पहिली साक्ष विद्युतपुरवठ्याची. ट्रकची यंत्रणा 24 व्होल्टची असते. डब्याच्या कपलरवर मल्टिमीटर लावला, 24 व्होल्ट दिसले, म्हणजे पुरवठा ठीक असे म्हणता येईल का? नाही! समजा, वाटेतला एक सांधा गंजला आहे आणि त्याचा रोध 10 ओहम झाला आहे. चांगल्या मल्टिमीटरचा स्वतःचा रोध सुमारे 1 कोटी ओहम असतो. त्यातून प्रवाह जाणार अँपिअरच्या दशलक्षांशात, म्हणून गंजलेल्या सांध्यावर दाब जवळजवळ पडतच नाही आणि मीटर निर्धास्तपणे 24 दाखवतो. पण तिथे 24 व्होल्ट, 21 वॉटचा बल्ब लावा. प्रज्वलित बल्बचा रोध साधारण 27 ओहम. तो आणि सांधा एकसर जोडणीत आले, की सांधा दाबाचा मोठा वाटा खातो आणि बल्ब मंद पेटतो. गॅरेजमधला साधा चेक लॅम्प कधी कधी महागड्या मीटरपेक्षा खरे बोलतो, तो असा. अर्थच्या तारेचीही हीच परीक्षा घ्यावी लागते. बॅटरीपासून चासीला जाणारी जाड पट्टी सैल झाली, तर बिघाडांचे सोंग किती प्रकारे वठते याला सुमार नाही.

हा प्रयोग शाळेत सहज करता येईल. दीड व्होल्टचे तीन सेल एकसर जोडा. त्यांच्या एका टोकाला 100 ओहमचा रोध लावा. रोधाच्या पलीकडे मीटरने दाब मोजा. साडेचार व्होल्ट दिसतील. आता मीटरच्या जागी टॉर्चचा बल्ब लावा. तो पेटणार नाही. बल्ब जागेवर ठेवूनच त्याच्या दोन टोकांत मीटर लावा आणि मघाचे साडेचार व्होल्ट कोठे गेले ते शोधा.

दुसरी साक्ष पाच व्होल्टची. कित्येक संवेदकांना संगणक स्वतः 5 व्होल्टचा स्थिर दाब पुरवतो. एकच पाणपोई, पिणारे अनेक. डिझेलचा दाब मोजणारा संवेदक आतून शॉर्ट झाला, की त्या तारेवरचा दाब शून्यावर येतो आणि तिच्यावरचे बाकीचे संवेदकही एकदम बंद पडतात. स्कॅनरवर बिघाडांची भलीमोठी यादी उमटते आणि बघणाऱ्याला वाटते, डबाच गेला. उपाय साधा आहे. संवेदकांचे कपलर एकेक करून काढायचे आणि मीटरकडे पाहायचे. ज्या क्षणी 5 व्होल्ट परत येतात, त्या क्षणी काढलेला संवेदक चोर.

तिसरी साक्ष संदेशवाहक तारांची. ट्रकमधले निरनिराळे संगणक पीळ दिलेल्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात. ही ‘कॅन’ पद्धत बॉश कंपनीने 1986 साली जगापुढे मांडली. तारांच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रोध असतात. बॅटरी सोडवून दोन तारांमधला रोध मोजला तर किती यावा? समांतर जोडणीचे सूत्र आठवा : 60 ओहम. 120 आला तर एक टोक तुटले आहे. बऱ्याच वाहनांत यांपैकी एक रोध इंजिनाच्या संगणकातच बसवलेला असतो, त्यामुळे हे मोजमाप बरेच काही सांगून जाते.

पुरवठा चांगला, अर्थ चांगला, सर्व संवेदक सोडवूनही 5 व्होल्ट येत नाहीत, ती तारही कोठे चासीला टेकलेली नाही. आता मात्र डब्यावर बोट ठेवता येते.

हे डबे मरतात कशाने? एक शत्रू उष्णता. आतल्या धारित्रांपैकी, म्हणजे कपॅसिटरांपैकी काहींत ओलसर विद्युत अपघटनी असते आणि ती हळूहळू सुकते. ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. 105 अंशांवर 2000 तासांची हमी असलेले धारित्र 65 अंशांवर 32,000 तास टिकेल. रोज दहा तास आणि वर्षाला 300 दिवस ट्रक चालला, तर साडेदहा वर्षे. तेच 75 अंशांवर राहिले तर सव्वापाच. दुसरा शत्रू म्हणजे रोजचे तापणे-निवणे व हादरे, ज्यांनी डाखाला केसासारख्या चिरा पडतात. तिसरा माणसाचा निष्काळजीपणा. चासीवर वेल्डिंग करताना बॅटरी व डब्याचे कपलर न सोडवणे, किंवा इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढणे. दुसऱ्या चुकीत अल्टरनेटरचा दाब क्षणभर शंभर व्होल्टांच्याही वर उसळू शकतो.

कारण सापडल्याशिवाय नवा डबा जोडू नये. नोजलच्या तारेचे वेष्टन घासून ती चासीला टेकली असेल, तर जुन्याला मारणारी तार नव्यालाही सोडणार नाही.

शिवाय नवा डबा म्हणजे कोरी पाटी. त्या इंजिनाची आज्ञावली त्यात भरावी लागते. चोरी टाळणारी व्यवस्था असल्यास किल्लीची ओळख पटवून द्यावी लागते. आणि एक गंमत! एकाच साच्यातली दोन नोजलेही अगदी सारखे डिझेल सोडत नाहीत. म्हणून अनेक नोजलांवर कारखान्यात मोजलेल्या फरकाचा संकेतांक कोरलेला असतो. कितव्या सिलिंडरला कोणता संकेतांक, हे संगणकाला सांगावे लागते. चुकले तर इंजिन चालते, पण खडखडते आणि धूर सोडते. भंगारातून आणलेला, दिसायला हुबेहूब डबा नुसता जोडून का भागत नाही, ते यावरून कळेल. त्याला दुसऱ्याच ट्रकची सवय असते.

जुना डबा थोडा जरी जिवंत असेल, तर त्यातली माहिती आधी वाचून घेतात आणि नव्यात उतरवतात. तो पुरता मेला असेल, तर मिस्त्री टॉर्च घेऊन इंजिनावर वाकतो, नोजलांवरचे तेल पुसतो आणि बारीक कोरलेली ती अक्षरे एकेक करून कागदावर उतरवून घेतो.