दोष केवळ सुनेचाच काय?

जयपूरच्या ‘मनिहारों का रास्ता’ या गल्लीत कारागीर निखाऱ्यांपाशी बसून लाखेच्या बांगड्या घडवितात. बांगडी हे सौभाग्याचे लेणे. पण पाळणा हलला नाही, की बोल लागतो तो बांगड्या ल्यालेल्या सुनेला! वाचकहो, अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण आढळते.

शुक्राणू शरीराहून २ ते ४ अंश कमी उष्णतेत नीट तयार होतात. म्हणून भट्टीजवळचे दीर्घ काम त्यांना बाधू शकते. तसेच तंबाखू, मद्य, स्थूलता व वाढते वयही. त्यांच्या निर्मितीस सुमारे ७० ते ७५ दिवस लागतात; तेव्हा सवयी पालटल्यावर तीन महिने धीर धरावा. वर्षभरात दिवस न राहिल्यास पतिपत्नींनी एकत्रच डॉक्टरांकडे जावे. वीर्यतपासणी सोपी आहे. तिच्यापूर्वी सुनेला दोष देणे अन्यायाचे होय.