पावसाळ्यात चक्रीवादळं जातात कुठे?

चक्रीवादळाला कोमट समुद्र लागतो, साधारण २६ अंशांच्या वरचा. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालचा उपसागर २८ अंशांपर्यंत तापलेला असतो. तरीही उपसागरातली मोठी वादळं येतात ती मे महिन्यात, नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ऐन पावसाळा जवळपास मोकळा जातो!

याचं उत्तर आकाशात आहे. खाली नैर्ऋत्येचे वारे वाहत असतात, तेव्हाच चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून जोराचा वारा येत असतो. वादळाचं बूड एका दिशेला ओढलं जातं, शेंडा दुसऱ्या. ते नीट उभंच राहू शकत नाही.

मग तयार होतात त्याची धाकटी भावंडं. वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असला की हवामान विभाग त्याला डिप्रेशन म्हणतो. हे डिप्रेशन उपसागराच्या उत्तर टोकाला जन्मतं आणि ओडिशा, छत्तीसगडमार्गे देशात शिरतं. गंमत अशी, की खालचे वारे पश्चिमेकडून येत असताना ते चालतं पश्चिमेकडेच! सर्वांत जास्त पाऊस त्याच्या नैर्ऋत्य बाजूला पडतो. म्हणून केंद्र छत्तीसगडवर असलं तरी विदर्भ भिजतो.

ही डिप्रेशनं आता विरळ होत आहेत. पूर्वी हंगामात सहा-सात व्हायची, अलीकडे कित्येकदा दोन-तीनच होतात. २००२ मध्ये तर एकही झालं नाही, आणि त्या जुलैत देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस पडला. उपसागरावरच्या मधल्या थरातली हवा कोरडी होत गेली, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. उपग्रह नव्हते त्या काळातल्या नोंदींशी आजचा आकडा कितपत ताडून पाहता येईल, यावर मात्र शास्त्रज्ञांत वाद आहे. दुसरीकडे, साधी कमी दाबाची क्षेत्रं वाढली आहेत. म्हणजे बीज पडतं, पण वाढ खुंटते.

आणि तरीही निसर्ग चकित करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये गुजरातला झोडपून काढणारी अशीच एक प्रणाली कच्छवरून अरबी समुद्रात उतरली आणि ३० तारखेला ‘असना’ चक्रीवादळ झाली. अरबी समुद्रात ऑगस्टमधलं वादळ त्याआधी १९७६ मध्ये दिसलं होतं.

यंदा पाऊस किती झाला, हे आपण सगळेच विचारतो. तो किती डिप्रेशनांनी आणला, हेही विचारायला हवं. पावसाची चाल बदलते आहे, ती त्या उत्तरात दिसते.